मॅगझिन चौकाच्या पुढचं गाव

पुण्याहून आळंदीच्या बसमध्ये बसलात की दिघीत कंडक्टर हमखास ओरडतो, ‘चला, मॅगझिन, मॅगझिन!’ नवा माणूस खिडकीबाहेर बघतो. एक बुक स्टॉल नाही, पेपरचा ठेला नाही, एखाद्या पाक्षिकाची गंजलेली पाटीसुद्धा नाही. असणार कशी? हे मॅगझिन म्हणजे लष्कराचा दारूगोळ्याचा डेपो. त्याच्याभोवती रेड झोन, म्हणजे बांधकामावर निर्बंध आणि प्रत्येक निवडणुकीला आयता विषय.

गंमत म्हणजे शब्द एकच आहे बरं का! मूळ अरबी ‘मखजन’, म्हणजे कोठार. १७३१ मध्ये लंडनला ‘जंटलमन्स मॅगझिन’ निघालं ते माहितीचं कोठार म्हणून, आणि तेव्हापासून बंदुकीच्या दारूचा शब्द तुमच्या हातातल्या या गुळगुळीत कागदाला चिकटला. हे ज्ञान मला जर्नालिझमच्या वर्गात मिळालं. त्या संध्याकाळी बसमध्ये कंडक्टर ओरडला आणि मी एकटीच हसले. शेजारच्या काकूंनी पर्स जवळ ओढून घेतली.

मॅगझिन चौकाच्या पुढे थोडं गेलं की चऱ्होली फाटा. तिथून आत चऱ्होली. मी तिथे राहते.

ना धड गाव, ना धड शहर

‘चऱ्होली? म्हणजे चाकणकडे का?’ हा प्रश्न मला कोथरूडच्या प्रत्येक मित्राने विचारलाय. नाही. आळंदीच्या अलीकडे, लोहगाव विमानतळाच्या मागच्या अंगाला, इंद्रायणीच्या काठावर. त्यातही चऱ्होल्या दोन. बुद्रुक म्हणजे थोरली, खुर्द म्हणजे धाकटी. बुद्रुक १९९७ मध्ये आसपासच्या गावांबरोबर पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. नदीपलीकडची खुर्द राहिली खेड तालुक्यात, ग्रामपंचायतीकडे. मध्ये वाहते ती एकच इंद्रायणी. अलीकडचा माणूस तक्रार घेऊन वॉर्ड ऑफिसला जातो, पलीकडचा सरपंचाकडे. आळंदीला नदीवर फेस आला की तोच फेस दोघांच्या काठाला लागतो.

आमच्या बाल्कनीतून काय दिसतं सांगू? डावीकडे कांद्याचं शेत. उजवीकडे बारा मजली टॉवर, त्यावर ‘लास्ट फ्यू फ्लॅट्स’चा बॅनर (हे ‘लास्ट फ्यू’ मी तीन वर्षं वाचतेय). लांबवर डी. वाय. पाटीलचा कॅम्पस. तिथे २०१५ पासून एक खासगी विद्यापीठसुद्धा आहे. गावात वाघेश्वर महाराजांचं देऊळ, त्याच्या आजूबाजूला जुनी घरं, आणि डोक्यावरून दर थोड्या वेळाने एक विमान, पोट दाखवत. फोनवर बोलताना आम्ही चऱ्होलीकर मध्येच दहा सेकंद थांबतो. सवयीने.

बाबांनी इथे फ्लॅट घेतला २०१२ मध्ये. ते भोसरी एमआयडीसीत, ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर. आमच्या विंगमधले निम्मे लोक असेच. कोणी भोसरीला, कोणी चाकणला, आणि नवी पिढी खराडी, हिंजवडीला. सकाळी सात वाजता गेटवर कंपन्यांच्या बसची रांग लागते आणि कोण कुठे काम करतं ते बसच्या रंगावरून कळतं.

अशा सोसायटीत एखाद्या मुलीने ‘मला पत्रकार व्हायचंय’ म्हटलं की काय होतं? खालच्या मजल्यावरच्या काकू विचारतात, ‘टीव्हीवर कधी दिसणार गं?’ आणि बाबा विचारतात, ‘पुन्हा दोन वर्षं?’

टॅब उघडे, खिसा बंद

२०१८ मध्ये मी बीकॉम झाले आणि एका ऑफिसात कंटेंट रायटर म्हणून चिकटले. काम काय? ‘पावसाळ्यात जावेत असे दहा धबधबे.’ एकही न बघता. दिवसाला चार लेख. धबधब्यांचं पाणी ‘फेसाळतं’, हिरवळ ‘डोळ्यांचं पारणं फेडते’ आणि भजी ‘गरमागरम’च असतात. सहा महिन्यांत माझ्या लक्षात आलं, की घरापासून चालत जाता येईल अशा नदीचं पाणी खरंच फेसाळतं आणि ते आपल्याला कोणी लिहायला सांगत नाहीये.

मग रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉप उघडायचा आणि कॉलेजं बघायची. पहिला टॅब अर्थातच न्यूयॉर्क. कोलंबिया! पुलित्झरच्या देणगीतून १९१२ मध्ये सुरू झालेली पत्रकारितेची शाळा. आणि आपल्याला कोलंबियाचं कौतुक वाटायला एक घरगुती कारणही आहे. ‘सकाळ’ काढणारे नानासाहेब परुळेकर याच विद्यापीठाचे पीएच.डी. अमेरिकेतली वर्तमानपत्रं बघून आलेल्या या माणसाने १ जानेवारी १९३२ ला पुण्यात दैनिक सुरू केलं आणि अग्रलेखाच्या गडगडाटाला सरावलेल्या मराठी वाचकाला बाजारभाव आणि गावोगावच्या बातम्या वाचायची सवय लावली. मला भयंकर स्फूर्ती आली. मग मी फीचा आकडा रुपयांत करून पाहिला. टॅब बंद. बाबांच्या फ्लॅटपेक्षा फी जास्त असेल तर चर्चा कसली करायची, बॉस?

पुढचे टॅब जरा जमिनीवरचे. चेन्नईचं एशियन कॉलेज ऑफ जर्नालिझम, एका वर्षाचा डिप्लोमा. लवळ्याच्या टेकडीवरचं सिम्बायोसिस. अमरावतीला आयआयएमसीचं केंद्र, जिथे मराठी पत्रकारितेचा पदव्युत्तर डिप्लोमा होतो. (विदर्भाला हे नवीन नाही म्हणा. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात १९५२ मध्ये रोलँड वुल्सली नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने पत्रकारितेचा विभाग उभा केला होता.) आणि शेवटचा टॅब, वीसेक किलोमीटरवरचा. रानडे.

रानडे म्हणजे फर्ग्युसन रोडवरचं रानडे इन्स्टिट्यूट. न्यायमूर्ती रानड्यांच्या नावाची वास्तू, तिथे पुणे विद्यापीठाचा कम्युनिकेशन अँड जर्नालिझमचा विभाग. १९६४ चा. मराठी पेपरात काम करणारा कोणी भेटला आणि त्याला ‘कुठून?’ विचारलं, तर गावाच्या आधी ‘रानडे’ सांगणारे बरेच निघतील.

फॉर्म भरणाऱ्यांसाठी फुकटचा सल्ला. कोणत्याही शाखेची पदवी चालते, त्यामुळे बीकॉम, बीएस्सी, इंजिनीअर, सगळे रांगेत असतात. प्रवेश परीक्षेत बहुपर्यायी प्रश्न. गाइड विकत घेण्यापेक्षा तीन महिने रोज दोन पेपर वाचा, एक मराठी आणि एक इंग्रजी, आणि एकच बातमी दोघांनी कशी दिलीय ते बघा. ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ ला निघालं, बाळशास्त्री जांभेकर, हे पाठ असेलच. पण कालच्या स्थायी समितीत काय झालं तेही माहीत असू द्या. मी पहिल्या भागाला जेवढा वेळ दिला त्याच्या दुप्पट दुसऱ्याला दिला. स्थायी समिती म्हणजे काय हे मला बावीसाव्या वर्षी कळलं. आमच्या सोसायटीत अजून कित्येकांना माहीत नाही आणि टँकरचं बिल मात्र सगळे भरतात.

यादीत नाव लागलं. बाबांनी यादी दोनदा वाचली, माझा नंबर स्वतः शोधला आणि म्हणाले, ‘बरं. पण दोन वर्षांनी काय, ते लिहून ठेव.’

दीड तास जायला, दीड तास यायला

२०१९ च्या पावसाळ्यात माझं रुटीन ठरलं. फाट्यावरून आळंदी–मनपा बस. दिघी, विश्रांतवाडी, येरवडा, संगमवाडी, मग मनपा. तिथून चालत जंगली महाराज रोडने एफसी रोड. दीड तास. वैशालीसमोर वेटिंगला उभी असलेली गर्दी बघत जायचं आणि स्वतःच्या डब्यातली पोळी-भाजी कट्ट्यावर खायची. ज्या दिवशी मानधनाचा एखादा चेक यायचा, त्या दिवशी गुडलकचा बन मस्का.

वर्ग म्हणजे एक जत्रा होती. लातूरचा, नंदुरबारचा, सोलापूरचा, एक रत्नागिरीची, दोन खास सदाशिव पेठी. आवारात शेजारी फॉरिन लँग्वेजचे वर्ग. त्यामुळे चहाच्या वेळी एका कानात जर्मन क्रियापदं आणि दुसऱ्या कानात मराठवाड्याचा दुष्काळ.

आमचे एक सर होते. त्यांची एक सवय सांगते, कारण दोन वर्षांत मी जे काही शिकले त्यातलं निम्मं त्यात आहे. ते आदल्या दिवशीचा कुठलाही पेपर वर्गात आणायचे, एक बातमी मोठ्याने वाचायचे आणि प्रत्येक वाक्याला थांबून विचारायचे, ‘कोण म्हणालं?’ ‘नागरिकांमध्ये तीव्र संताप आहे.’ कोण म्हणालं? किती नागरिक? ‘परिसरात हळहळ व्यक्त होत आहे.’ कोण हळहळलं? नाव? वय? ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ आलं की ते नुसते चष्मा काढायचे. पंधरा ओळींची बातमी शेवटी तीन ओळींची उरायची. एकदा एक ओळ उरली. तारीख!

हे मी घरी बाबांना सांगितलं. ते कौतुकबिवतुक करणाऱ्यांतले नाहीत. म्हणाले, ‘म्हणजे आमच्यासारखंच की. व्हर्नियर लावल्याशिवाय पास करायचं नाही.’ मग बरंच बोलले. कोणता पार्ट कसा परत पाठवला, सुपरवायझर कसा घाईला आला होता, सही न करता ते कसे बसून राहिले. हे सगळं मला चोवीस वर्षांत पहिल्यांदा कळत होतं. माझे बाबा ‘कोण म्हणालं?’वाले आहेत हे मला रानडेत जाऊन समजलं, हे जरा फिल्मी वाटेल, पण आहे ते असं आहे.

दुसरी आवडलेली गोष्ट, माहिती अधिकार. २००५ चा कायदा सगळ्यांना माहीत असतो, अर्ज कोणी केलेला नसतो. आम्हाला करायला लावला. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप, उत्तराला तीस दिवस. आणि महाराष्ट्रात २०१२ पासून नियम असा, की अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. आम्ही वैतागलो. सर खूश! म्हणाले, ‘सरकारने तुमच्यासाठी सब-एडिटिंगचा फुकट क्लास काढलाय.’ मी माझ्या भागातल्या टँकरच्या फेऱ्यांबद्दल विचारलं. एकोणतिसाव्या दिवशी तीन पानांचा तक्ता आला. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला तेव्हा पहिल्यांदा कोणी मला ‘टीव्हीवर कधी?’ विचारलं नाही. सेक्रेटरी काकांनी विचारलं, ‘हा अर्ज कसा करायचा, फॉरमॅट पाठवतेस का?’

विमानं थांबली तेव्हा

मार्च २०२०. दुसरी सेमिस्टर निम्म्यावर आणि सगळं बंद. लातूरकर लातूरला, नंदुरबारकर नंदुरबारला, मी चऱ्होलीत. वर्ग फोनच्या चौकटीत. २५ मार्चपासून दोन महिने देशांतर्गत विमानंही बंद होती. तुम्ही कोथरूडला असाल तर तुम्हाला फरक पडला नसेल. आम्हाला रात्री झोप लागेना, इतकी शांतता. पक्षी वगैरे ठीक, पण आजीच्या वयाच्या बायका अंगणात येऊन वर बघायच्या, की आज आलं नाही का?

सरांनी सेमिस्टरचं काम बदललं. शहरात फिरायचं नाही, तर आपापल्या दारातली बातमी करा. चालत जाता येईल तेवढाच तुमचा बीट. वर्गातली अर्धी मुलं म्हणाली, आमच्याकडे काही घडत नाही. मीही हेच म्हणणार होते, तेवढ्यात जून आला.

माउलींची पालखी आळंदीतून निघते तो दिवस चऱ्होलीकरांना सांगावा लागत नाही. दुसऱ्या दिवशी ती आमच्या फाट्यावरून पुण्याकडे जाते. पेपरात त्या दिवशी चऱ्होलीचं नाव हटकून येतं, ‘वाहतूक अशी वळवली’ या चौकटीत. २०२० ला १३ जूनला प्रस्थान झालं, मोजक्या लोकांत. पादुका आळंदीतच राहिल्या आणि ३० जूनला एसटीने पंढरपूरला गेल्या. १४ जूनला, एरवी जिथे पाय ठेवायला जागा नसते, त्या फाट्यावर मी मास्क लावून पंधरा मिनिटं उभी होते. एक पोलिसाची गाडी, दोन कुत्री, आणि रस्त्याच्या मधोमध आखलेले बीआरटीचे पट्टे. ते पट्टे मला पहिल्यांदाच पूर्ण दिसले.

मी त्यावर सातशे शब्द लिहिले. दिंड्यांवर नाही. फाट्यावरच्या चहावाल्या दादांवर, जे दरवर्षी त्या दिवशी वारकऱ्यांना फुकट चहा देतात. सरांचा मेल आला, एका ओळीचा. ‘पातेलं किती लिटरचं?’

दादांना फोन केला. चाळीस लिटरचं. दिवसाला किती वेळा चढतं? नऊ-दहा वेळा. त्या दिवशी काय केलंत? दादा म्हणाले, ‘पहाटे एकदा चढवलं बघ. सवय. अर्ध्यावरच उतरवलं. सोसायटीच्या वॉचमन लोकांना दिलं आणि उरलेलं घरी नेलं.’ हे शेवटचं वाक्य पातेल्याचं माप विचारल्याशिवाय कधीच आलं नसतं. लेख एका दैनिकाच्या आतल्या पानावर लागला. माझी पहिली बायलाइन. बाबांनी कात्री मागितली.

आणि पगार?

तुमच्या मनात हा प्रश्न मघापासून आहे, मला माहितीये.

कोर्स संपला २०२१ मध्ये. हातात दोन गोष्टी होत्या. एका दैनिकात ट्रेनी आणि खराडीच्या एका आयटी कंपनीत कंटेंट टीम, दुपटीहून जास्त पगार आणि गेटपर्यंत बस. आमच्या बॅचचे बरेच जण दुसऱ्या रस्त्याने गेले आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. घरभाडं ‘कोण म्हणालं?’ विचारून कमी होत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आमचा विभाग रानडेतून विद्यापीठाच्या मुख्य आवारात हलवायचं ठरलं, तेव्हा आजी-माजी विद्यार्थ्यांनी आंदोलन केलं आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. एफसी रोडवर घोषणा द्यायला आयटीवालेही हाफ डे टाकून आले होते. एवढं प्रेम त्या वास्तूवर असेल, तर तिथे शिकवलेलं काम करायला मिळावं असं प्रत्येकाला वाटत असणारच. ते परवडत नाही, इतकाच मुद्दा आहे.

मी मधला रस्ता काढला. दोन वर्षं दैनिकात काढली, मग फ्रीलान्स. महिन्यातले दहा दिवस चाकणच्या एका कंपनीचं इन-हाउस न्यूजलेटर (‘आमच्या प्लांटने गाठला नवा टप्पा’, होय, मीच लिहिते), आणि त्या पैशावर उरलेले वीस दिवस स्वतःचे. त्या वीस दिवसांत मी बहुतेक चऱ्होली, दिघी, मोशी, मरकळ करते. महापालिकेने चऱ्होलीत पंतप्रधान आवास योजनेची १,४४२ घरं बांधायला घेतली, त्यावर आकड्याची बातमी सगळ्यांनी केली. सोडतीत नंबर लागलेल्या एका बाईंनी कर्जाचे कागद जमवायला किती रजा टाकल्या, ते मोजायला एक माणूस इथे राहणारा लागतो. शहराच्या डेस्कवरून ते दिसत नाही. डेस्क वाईट म्हणून नाही. लांब म्हणून.

आणि हे खूळ मराठीत जुनं आहे. मुकुंदराव पाटलांनी १९१० मध्ये ‘दीनमित्र’ काढला तो पुण्या-मुंबईत नाही, अहमदनगर जिल्ह्यातल्या सोमठाण्यात, आणि नंतर तरवडीत. अनेक दशकं एका खेड्यातून साप्ताहिक चाललं. त्यांच्याकडे कुठली डिग्री होती असं कोणी विचारत नाही. छापखाना गावात होता, हे मात्र सगळे सांगतात.

गेल्या महिन्यात चऱ्होली खुर्दची एक मुलगी नदी ओलांडून माझ्याकडे आली. बीएस्सी झालीये, जर्नालिझमला अर्ज करतेय. सोबत एका पानाचं निवेदन. पहिली ओळ, ‘मला लहानपणापासून लिखाणाची आवड आहे.’ ती काढ म्हटलं. सगळेच हे लिहितात. मग आम्ही दोन तास बसलो. तिच्या शेतातली मोटर नदीवर आहे आणि पाण्याला वास यायला लागला की तिचे वडील ती बंद ठेवतात. कधी बंद ठेवली त्याच्या तारखा तिने कॅलेंडरवर मांडून ठेवल्यात, २०२१ पासून. गॅस एजन्सीचं कॅलेंडर, लाल पेन.

‘हे निवेदनात लिहू?’ तिने विचारलं.

‘हेच लिही.’

निघताना तिने विचारलं, ‘ताई, पैसे मिळतात का यात?’ मी माझ्या पहिल्या चेकचा आकडा सांगितला, आणि गेल्या महिन्याचाही. न्यूजलेटरचे वेगळे करून. ती जरा गप्प बसली. डोक्यावरून एक विमान गेलं, त्यामुळे दहा सेकंद तसंही बोलता आलं नसतं.

‘स्टुडंट पास निघतो का मनपापर्यंत?’

निघतो, म्हटलं. बोनाफाईड लागतं.